‘राजीनामा लिहून द्या’ म्हणतील तेव्हा: आयटीतल्या कपातीला तोंड कसं द्यायचं

दुपारी साडेतीनला कॅलेंडरवर पंधरा मिनिटांचं आमंत्रण येतं. विषय मोघम असतो: ‘क्विक कनेक्ट’ किंवा नुसतंच ‘डिस्कशन’. खोलीत आपला मॅनेजर असतो, शेजारी कधी न पाहिलेली एचआरची व्यक्ती असते आणि स्क्रीनवर राजीनाम्याचा मसुदा तयार असतो. हिंजवडीतल्या अशाच एका खोलीत मी चाळीस मिनिटांत ‘सबमिट’ दाबून बाहेर आलो. नऊ वर्षांची नोकरी आणि हातात दोन महिन्यांचा पगार. माझ्याच टीममधला एक जण दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत गेला, ‘घरी वाचतो आणि कळवतो’ म्हणाला आणि उठला. तीन आठवड्यांनी तोही गेलाच, पण माझ्या दुपटीहून जास्त रक्कम घेऊन. त्याने वकील केला नव्हता, वरपर्यंत ओळखही नव्हती. त्याने खोलीत सही केली नव्हती, एवढाच आमच्यातला फरक.

तेव्हापासून अशा बऱ्याच जणांबरोबर बसलो, त्यांचे कागद वाचले, कामगार आयुक्तांच्या कार्यालयातल्या बाकांवर वाट पाहिली. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर कागद वकिलाला दाखवाच. पण वकिलापर्यंत पोहोचण्याआधीच बरंच काही हातातून जातं, आणि हा लेख त्याच काही तासांसाठी आहे.

आधी ठरवा: लढायचं कशासाठी?

‘विरोध करावा का?’ या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो’ असं आहे. पण विरोध म्हणजे काय हे नीट ठरवलं नाही तर माणूस चुकीच्या जागी ताकद घालवतो. कपातीच्या वेळी तीन वेगळ्या गोष्टी पणाला लागलेल्या असतात: नोकरी, जाण्याची पद्धत, आणि पैसे-कागदपत्रं.

नोकरी वाचणं अवघड असतं. कंपनीने आकडा ठरवलेला असतो. जुलै २०२५मध्ये टीसीएसने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. असा आकडा एकदा जाहीर झाला की एकट्या कर्मचाऱ्याच्या विनवणीने तो हलत नाही. पण दुसरी आणि तिसरी गोष्ट बऱ्यापैकी आपल्या हातात असते, आणि नेमकी तीच आपण पहिल्या तासात देऊन टाकतो.

कारण साधं आहे. कंपनीने तुम्हाला काढलं तर कायद्याने तिच्यावर जबाबदाऱ्या येतात. तुम्ही स्वतः सोडून गेलात तर त्यातल्या बहुतेक येत नाहीत. म्हणून तर राजीनामा मागतात. कंपनीच्या दृष्टीने त्या कागदाची किंमत काही लाखांची असते. तो तुम्ही फुकट द्यायचा की नाही, एवढाच त्या खोलीतला प्रश्न असतो.

तुम्ही कायद्याने ‘कामगार’ आहात का?

‘कामगार कायदा फॅक्टरीवाल्यांना, आपण एक्झिक्युटिव्ह,’ हा समज आयटीत इतका मुरलाय की लोक पुढचं वाचतच नाहीत. कृपया वाचा.

२१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. जुन्यात आणि नव्यात ‘कामगार’ कोण हे पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. कुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा ऑपरेशनल काम करणारा माणूस कामगार. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा त्यातून वगळलेला. महिना अठरा हजार रुपयांची मर्यादा आहे, पण ती फक्त देखरेखीचं, म्हणजे सुपरवायझरचं काम करणाऱ्यांसाठी. कोड लिहिणारी, टेस्टिंग करणारी, सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती लाखभर पगार घेत असली, तरी केवळ पगारामुळे ती या व्याख्येबाहेर जात नाही.

चेन्नईतल्या एका प्रकरणात हेच ठरलं. टीसीएसने २०१५मध्ये काढलेल्या एका अभियंत्याबाबत कंपनीचं म्हणणं होतं की तो व्यवस्थापकीय श्रेणीत होता. कामगार न्यायालयाने त्याचं प्रत्यक्ष काम पाहिलं, तो कामगारच आहे असं म्हटलं आणि एप्रिल २०२२मध्ये त्याला परत कामावर घ्यायचा आदेश दिला. मधली सात वर्षंही लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत येऊ.

आता स्वतःला विचारा. मी कोणाची रजा मंजूर करतो का? कोणाचं अंतिम रेटिंग मी ठरवतो का? कोणाला नेमायचा किंवा काढायचा अधिकार माझ्याकडे आहे का? ‘टीम लीड’ असूनही दिवसातले सहा तास कोडमध्ये जात असतील तर बाजू मजबूत आहे. खरोखरच चाळीस जणांचा हिशेब तुमच्या हातात असेल तर हे संरक्षण बहुधा नाही. मग तुमचं शस्त्र म्हणजे नेमणूकपत्रातली कलमं आणि वाटाघाट. तेही कमी नाही, फक्त वेगळं आहे.

कागदावर हिशेब मांडा

कामगार असाल आणि वर्षभरात किमान २४० दिवसांची सलग सेवा झाली असेल, तर काढताना कंपनीने कारण सांगून एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढं वेतन द्यायचं असतं. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यायचं. शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त झालं असेल तर तेही पूर्ण धरतात. नव्या संहितेत भर म्हणून पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. त्यातून काढलेल्या कामगाराच्या खात्यात पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम ४५ दिवसांत जमा व्हायची आहे.

समजा सात वर्षं झाली आहेत आणि कायद्याच्या व्याख्येतलं वेतन (हे सीटीसीपेक्षा, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण पॅकेजपेक्षा, बरंच कमी असतं) महिना साठ हजार आहे. पंधरा दिवसांचे तीस हजार, सात वर्षांचे दोन लाख दहा हजार. नोटिशीचे साठ हजार. निधीचे तीस हजार. एकूण तीन लाख. राजीनाम्यावर सही केली की हे तीन लाख हक्काचे राहत नाहीत. मग जे मिळतं ती कंपनीची मर्जी.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर राजीनामा दिला तरी ती मिळतेच. वेतनाला सव्वीसने भागायचं, पंधराने आणि वर्षांनी गुणायचं. वरच्या उदाहरणात सुमारे दोन लाख बेचाळीस हजार. ‘आम्ही तुम्हाला पाच लाखांचं पॅकेज देतोय’ म्हणतात तेव्हा त्यात ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिसळलेले आहेत का, हे सगळ्यात आधी बघा. कित्येकदा ‘पॅकेज’मधला निम्म्याहून जास्त पैसा आधीच तुमचा असतो.

‘तुमचा परफॉर्मन्स कमी होता, म्हणून हे कपातीत येत नाही,’ असंही सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९९०मध्ये स्पष्ट केलं होतं की शिस्तभंगाची शिक्षा आणि कायद्यातले ठरावीक अपवाद वगळता, मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपवली तरी ती कायद्याच्या अर्थाने छाटणीच. चौकशी करून गैरवर्तन सिद्ध केलेलं नसेल, तर पीआयपीचा, म्हणजे ‘ठरावीक मुदतीत कामगिरी सुधारा’ असं सांगणारा, कागद दाखवून भरपाई टाळणं इतकं सोपं नाही.

खोलीत जाण्याआधी

चिन्हं बहुतेकांना दिसतात: अचानक बेंच (प्रोजेक्टविना बसवून ठेवणं), नवं प्रोजेक्ट देतो म्हणून न देणं, चांगल्या रेटिंगनंतर एकाएकी पीआयपी. अशा वेळी एका संध्याकाळी बसून स्वतःचे कागद घरी आणा. नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, सगळ्या पगारपावत्या, फॉर्म १६, रेटिंगची पत्रं, शिल्लक रजेचा आकडा, पीएफचं पासबुक. एचआर पोर्टल बंद झालं की यातलं काहीच मिळत नाही, आणि ते बऱ्याचदा तुम्ही खोलीत असतानाच बंद होतं.

इथे एक चूक करू नका. क्लायंटचा डेटा, कोड, अंतर्गत अहवाल वैयक्तिक मेलवर पाठवू नका. ‘पुरावा’ म्हणून पाठवलेली एक फाइल कंपनीला गैरवर्तनाचं आयतं कारण देते, आणि मग भरपाईचा विषयच मागे पडतो. स्वतःविषयीची कागदपत्रं न्या, कामाची नाही. तुम्ही प्रत्यक्ष काय काम करता याची नोंद घरच्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा. ‘कामगार आहे का’ या वादात ती वही उपयोगी पडते.

खोलीत

जुलै २०१७मध्ये टेक महिंद्रातली एक ध्वनिफीत सगळीकडे पसरली. एचआर एका कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्यायला सांगत होती, आणि तो पुन्हा पुन्हा वेळ मागत होता. आनंद महिंद्रा यांनी जाहीर माफी मागितली. ती फीत ऐकून पुण्यातल्या शेकडो जणांना स्वतःची खोली आठवली, मलाही. त्यात एक गोष्ट ठळक दिसते: सगळा दबाव वेळेचा असतो. वकिलाला, घरच्यांना, सहकाऱ्याला विचारायला वेळ मिळू नये, यावरच सगळं उभं असतं.

अमेरिकेत चाळिशीपुढच्या कर्मचाऱ्याकडून सामूहिक कपातीत वयाच्या भेदभावाविषयीचे हक्क सोडल्याची सही घ्यायची तर विचाराला ४५ दिवस आणि सही मागे घ्यायला आणखी सात दिवस द्यावे लागतात. तिथे असलेल्या आपल्या मुलामुलींना हे जरूर सांगा. ज्या क्लायंटसाठी आपण रात्री जागतो त्यांच्या देशात ४५ दिवस, आणि आपल्याला ४५ मिनिटं. मला याचा अजूनही राग येतो.

म्हणून खोलीत एकच काम: वेळ मिळवायचा. वाद घालू नका, रडू आलं तर येऊ द्या, पण ‘ओके’ म्हणू नका. शांतपणे म्हणा, ‘मी राजीनामा देत नाहीये. मला काम करायचं आहे. कंपनीला मला कमी करायचं असेल तर कारणासह लेखी द्या, मी वाचून उत्तर देतो.’ ते पुन्हा विचारतील, तुम्ही हेच वाक्य पुन्हा म्हणा. पोर्टलवर ‘सेपरेशन’ची, म्हणजे नोकरी सोडण्याची, विनंती तुमच्या लॉगिनमधून जाऊ देऊ नका, तीही सहीच आहे. खोलीत कोण होतं, किती वाजता सुरू झालं, काय धमकी दिली, बाहेर आल्यावर लगेच लिहून ठेवा.

धमकी बहुधा एकच असते: ‘टर्मिनेट केलं तर रेकॉर्डवर येईल, पुढे कुठे नोकरी मिळणार नाही.’ यात थोडं तथ्य आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे नवी कंपनी जुन्या नोकरीची पडताळणी करते तेव्हा, ‘टर्मिनेटेड’ शब्द आला तर प्रश्न विचारतात. पण जागा कमी झाल्या म्हणून काढणं आणि गैरवर्तनासाठी काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि रिलीव्हिंग लेटरवर (सेवामुक्तीच्या पत्रावर) नेमका कोणता शब्द यावा हा वाटाघाटीचाच भाग आहे. माझ्या त्या सहकाऱ्याने शेवटी राजीनामा दिला, पण रक्कम आणि पत्राचा मजकूर लेखी ठरल्यावर. राजीनामा द्यायचाच असेल तर तो शेवटी द्या, पहिल्यांदा नाही.

त्याच रात्रीचा मेल

लॉगिन बंद झालं असेल तर वैयक्तिक मेलवरून, चालू असेल तर दोन्हीकडून. एचआर आणि मॅनेजर दोघांना. इंग्रजीत लिहायचा, पण आशय असा:

‘आज अमुक वाजता झालेल्या बैठकीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं. मी राजीनामा दिलेला नाही आणि देण्याची इच्छा नाही. मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. माझी सेवा संपवण्याचा निर्णय झाला असल्यास कारण, तारीख आणि देय रकमेचा तपशील लेखी कळवावा.’

विशेषणं नकोत, आरोप नकोत. हा मेल सहा महिन्यांनी एखादा अनोळखी अधिकारी वाचणार आहे, त्याच्यासाठी लिहा. ‘कामावर हजर राहण्यास तयार’ हे वाक्य सोडू नका, नाहीतर ‘स्वतःहून यायचा बंद झाला’ असं पत्र येऊ शकतं.

सही करूनच बाहेर आला असाल तर? तरी हात-पाय गाळू नका. राजीनामा अमलात येण्याआधी सर्वसाधारणपणे मागे घेता येतो, सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा निकाल त्या बाजूचा आहे. शिवाय १८७२च्या करार कायद्यानुसार दबावाखाली दिलेली संमती रद्द करता येते. पण दबाव होता असं तुम्ही दोन महिन्यांनी म्हणालात तर कोण ऐकणार? त्याच रात्री, फार तर दुसऱ्या सकाळी, ‘दबावाखाली दिलेला राजीनामा मागे घेत आहे’ असा मेल गेला पाहिजे. मी तो केला नाही, कारण असं काही करता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

एकटे राहू नका

कपातीत सगळ्यात जास्त त्रास लाजेचा होतो. घरी सांगत नाही, मित्रांना सांगत नाही, सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतो आणि बाणेरच्या कॅफेत बसतो. असे लोक मी पाहिलेत. आणि ही लाजच कंपनीच्या कामी येते, कारण एकेकट्या माणसाला एकेकटी रक्कम सांगता येते.

ऑफिसच्या टीम्सवर नाही, बाहेर व्हॉट्सअॅपवर काढलेल्यांचा ग्रुप करा आणि एक तक्ता बनवा: नाव, विभाग, काम, रुजू झाल्याची तारीख, काढल्याची तारीख, देऊ केलेली रक्कम. हा तक्ता सोन्यासारखा आहे. एक तर कोणाला किती देऊ केलं ते उघड होतं. दुसरं, त्या श्रेणीत जो शेवटी आला तो आधी जाणार, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे आणि तो मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. बारा वर्षांच्या महाग माणसाला काढून दोन वर्षांच्या स्वस्त माणसाला ठेवलं, हे तारखांच्या रकान्यात आपोआप दिसतं.

पुण्यात ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे. टीसीएसच्या कपातीचं प्रकरण तिने केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत नेलं. ‘फाइट’ ही चेन्नईत सुरू झालेली संघटना पुण्यातही काम करते. कर्नाटकात ‘किटू’ ही अशीच संघटना आहे. संघटनेकडे जाणं म्हणजे गुन्हा नाही आणि संप करणंही नाही. त्यांनी असे पन्नास मसुदे पाहिलेले असतात, एवढाच फायदा खूप मोठा आहे.

लिंक्डइनवर मॅनेजरचं नाव घेऊन लिहिणं मात्र टाळा. मन हलकं होतं, पण तडजोड अवघड होते आणि बदनामीची नोटीस यायला निमित्त मिळतं.

कामगार आयुक्तांकडे

कंपनी उत्तर देत नसेल किंवा हट्टालाच पेटली असेल, तर कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. एकट्या कर्मचाऱ्यालाही हा अर्ज करता येतो, संघटना असायलाच हवी असं नाही. अर्जाला नेमणूकपत्र, पगारपावत्या, तो रात्रीचा मेल आणि घटनाक्रमाचं एक पान जोडा. आणि पोच घ्या, शिक्क्यासह. ४५ दिवसांत समेट झाला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मुदत सेवा संपल्यापासून दोन वर्षांची आहे.

तिथलं वातावरण साधं असतं. जुन्या फायली, लाकडी बाकं, आपल्याशेजारी एमआयडीसीतला वेल्डर आणि एखादी सफाई कामगार ताई. पहिल्या तारखेला कंपनीचा वकील मुदत मागतो. धीर सोडू नका. पहिल्या दिवशी ‘पॉलिसीच आहे’ म्हणणारे लोक तिसऱ्या तारखेला आकडा बोलायला लागलेले मी पाहिलेत.

आणि आता चेन्नईच्या प्रकरणातली ती सात वर्षं. न्यायाधिकरणात जिंकता येतं, पण काळ लागतो, आणि त्या काळात घर चालवायचं असतं. त्यामुळे समेटात बऱ्यापैकी रक्कम मिळत असेल तर ती घेणं म्हणजे हार नव्हे. ज्याला गृहकर्जाचा हप्ता आहे, घरात आजारी माणूस आहे, त्याने तडजोड केली म्हणून कोणी नावं ठेवू नयेत. एका बाबतीत मात्र मी आग्रहाने सांगतो: प्रसूतिरजेवर असलेल्या स्त्रीला त्या काळात काढणं १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यानेच बेकायदा होतं, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो नियम कायम आहे. अशा ताईंनी राजीनाम्याचा विचारसुद्धा करू नये, आधी वकील गाठावा.

तडजोडीचा कागद

शेवटी एक करार समोर येतो. तो सावकाश वाचा. रक्कम कशाकशाची ते वेगवेगळ्या ओळींत हवं: नोटीस, भरपाई, ग्रॅच्युइटी, रजा. देण्याची तारीख हवी. वेतन संहितेनुसार काढलं असो वा राजीनामा दिलेला असो, थकित वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीला तीस दिवस. ‘कंपनीच्या धोरणानुसार पुढील सोयीच्या चक्रात’ असलं वाक्य खोडायला सांगा. स्पर्धक कंपनीत जाणार नाही असं कलम असेल तर फार घाबरू नका. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे टिकत नाही. तरी काढून टाकायला सांगाच, कारण नव्या कंपनीची एचआर ते वाचून बिचकते. जुन्या बॉण्डची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) किंवा जॉइनिंग बोनसची वसुली माफ केल्याचं स्पष्ट लिहून घ्या.

पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख बरोबर पडली का ते महिन्याभरात तपासा. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. आई-वडील त्यात असतील तर नोटिशीच्या काळातच त्या विमा कंपनीला फोन करून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का ते विचारा, साठीपुढे नव्याने विमा मिळवणं फार कठीण जातं. लॅपटॉप आणि ओळखपत्र परत देताना सिरियल नंबरसह पावती घ्या.

आणि जे आत राहिले आहेत त्यांना

तुमचा नंबर आला नाही म्हणून तुम्ही ग्रुपमधून बाहेर पडू नका. गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा दोनच गोष्टी लागतात: तो प्रत्यक्षात काय काम करत होता हे लिहून देणारा एखादा सहकारी, आणि नव्या नोकरीसाठी एक रेफरल, म्हणजे शिफारस. आज संध्याकाळी त्याला फोन करा. पहिल्या आठवड्यात फोन वाजतच नाही, मला आठवतं.